पापड, कावळे आणि व्याह्यांची कादंबरी

मुलांच्या गोष्टींमध्ये संपादक नेमकं काय शोधतात, या विषयावर मी आजवर बरीच भाषणं ठोकली आहेत. पेणमध्ये ठोकली, रोह्यात ठोकली, एकदा पार पुण्यात जाऊन ठोकली. प्रत्येक भाषणात बालमनाचं भावविश्व, अनुभवाची सच्चाई, भाषेची लय असे शब्द यायचे आणि समोर बसलेली माणसं ते उतरवून घ्यायची. एका बाईंनी 'भावविश्व'खाली दोन रेघा मारलेल्या मी व्यासपीठावरून पाहिल्या आहेत. त्या बाईंची क्षमा मागून आता खरं काय ते सांगतो. मी पापड मोजत होतो.

मी पेणच्या एका शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर एका प्रकाशकाने मला घरबसल्या काम दिलं. मुलांसाठी आलेली हस्तलिखितं तो माझ्याकडे पाठवायचा, लेखकाच्या नावाचं पान काढून. मी ती वाचून छापण्यासारखी आहेत की नाहीत ते कळवायचं. माझं नाव लेखकांना कळू द्यायचं नाही, अशी त्याची अट होती. ती मला फार आवडली. चाळीसभर पोरांसमोर तोंड दाखवून नापास करण्यात आयुष्य गेलं होतं. तोंड न दाखवता नापास करण्याची चैन म्हातारपणी मिळाली.

अडचण एकच होती. मला काही कळत नव्हतं. बैलगाडीच्या, प्रामाणिक मोळीविक्याच्या गोष्टी मला छान वाटत, कारण मी सत्तरीचा होतो. ज्यांच्यासाठी त्या लिहिलेल्या होत्या ती माणसं दहा-अकरा वर्षांची होती, आणि त्यांना विचारून उपयोग नव्हता. मुलांना "गोष्ट कशी वाटली" असं विचारलं की ती "छान" म्हणतात. आपण त्यांना तसं वळणच लावलेलं असतं.

मग एका मे महिन्यात मला उपाय सापडला, आणि तो आमच्या गच्चीवर सापडला.

पेणमध्ये उन्हाळा म्हणजे पोह्याचे पापड. आमच्या घरी हे खातं बायकोकडे आहे. पोह्याचं पीठ, पापडखार, हिंग, तिखट, मग ते कुटणं, लाट्या करणं, आणि आळीतल्या दोघीचौघींना बोलावून लाटणं. लाटलेले पापड गच्चीवर जुन्या साड्यांवर पसरायचे आणि राखणीला कोणीतरी बसवायचं, कारण पेणच्या कावळ्यांना पोह्याच्या पापडाची जी पारख आहे ती मुंबईच्या गिऱ्हाईकालाही नाही. राखणीला दरवर्षी आमची नात असे. माझी मुलगी रोह्याला दिली आहे, तिची ही मुलगी. सुट्टी लागली की आजोळी यायची. हातात काठी, बाजूला वाटीत तेल लावलेल्या लाट्या, डोक्यावर माझी छत्री.

त्या वर्षी एक हस्तलिखित मी गच्चीवर विसरलो. संध्याकाळी बायको वर गेली आणि खाली आली ती रागाने लाल होऊन. साडीचा एक अख्खा कोपरा रिकामा होता. कावळे पंगत उरकून गेले होते आणि राखणदारीणबाई छत्रीखाली पालथ्या पडून शेवटचं पान वाचत होत्या. तिला आजीने जे बोलायचं ते बोलून घेतलं. मी मात्र ते हस्तलिखित घेऊन खोलीत गेलो आणि प्रकाशकाला कळवलं की हे छापाच. ते पुस्तक पोरांनी फाटेपर्यंत वाचलं.

पुढच्या आठवड्यात मी दुसरं हस्तलिखित मुद्दाम विसरलो.

अशी ती पद्धत बसली. पापड गेले तर गोष्ट चांगली, राहिले तर साभार परत. कुठल्या पानाच्या वेळी कावळा उतरला हे मी जिन्यातल्या झरोक्यातून बघायचो आणि त्याप्रमाणे 'कथा मध्यंतरानंतर पकड घेते' वगैरे लिहायचो. नातीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, नाना विसरभोळे झालेत. बायकोला मात्र पहिल्याच महिन्यात सगळं समजलं. तिने फक्त पापडांचं पीठ वाढवलं.

माझी कीर्ती झाली. एका कार्यशाळेत जीन्स घातलेल्या एका मुलाने मला विचारलं, की परदेशात लेखकांचे एजंट असतात, ते हस्तलिखित पारखून प्रकाशकाकडे नेतात, तसे आपल्याकडे का नाहीत. मी म्हटलं, आपल्या रायगडात एजंट म्हणजे विम्याचा नाहीतर जमिनीचा. टाळ्या पडल्या. माझे एजंट काळे असून ते आत्ता आमच्या गच्चीसमोरच्या आंब्यावर बसले आहेत, हे काही मी सांगितलं नाही.

इथपर्यंत गंमत होती. मग व्याह्यांनी कादंबरी लिहिली.

माझे व्याही, म्हणजे मुलीचे सासरे, रोह्याचे. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, चालणं असं की समोरचा माणूस आपोआप रांगेत उभा राहील. मला त्यांची थोडी भीती वाटते, कारण मुलगी त्यांच्या घरात आहे, आणि थोडं हसू येतं, कारण ते रस्त्यावरच्या म्हशीलाही "चला, पुढे व्हा" असं म्हणतात. माणूस सज्जन. नातीवर त्यांचा जीव. ती त्यांना आबा म्हणते, मला नाना.

त्यांनी मला फोनवर सांगितलं की मुलांसाठी कादंबरी लिहून पूर्ण झाली आहे आणि अमुक प्रकाशकाकडे पाठवली आहे. तो माझाच प्रकाशक होता. मी "वा वा" म्हटलं. मग जरा थांबून ते म्हणाले, "पोरगी पाचवी झाली. अजून दोन वर्षं पुस्तक हातात धरेल, मग नाही धरायची. मी शाळा चालवलीय, मला माहीत आहे. मी गोष्ट सांगायला लागलो की ती 'छान आहे आबा' म्हणते आणि उठून जाते. माझं एक पुस्तक तिने कोणी न सांगता शेवटपर्यंत वाचावं, एवढंच आहे." मग त्यांना आपण फार बोललो असं वाटलं असावं. लगेच रोह्याला ऊन किती आहे ते सांगून त्यांनी फोन ठेवला.

आठ-दहा दिवसांत ते हस्तलिखित माझ्या दारात आलं. नावाचं पान नव्हतं, पण पहिल्या ओळीतच एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक कुंडलिकेच्या काठी फिरायला निघाले होते, तेव्हा शंकेला जागा नव्हती. गोष्ट अशी, की एका मुलावर संकटं येतात. संकट आलं की तो मुख्याध्यापकांकडे जातो. मुख्याध्यापक उपाय सांगतात. तो म्हणतो, "मी आपला ऋणी आहे." शेवटी गाव जमतं आणि शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, मुख्याध्यापकांचा.

खरं तर मी ते गच्चीवर ठेवायलाच नको होतं. व्याह्यांचं लिखाण, थेट 'स्वीकारावे' लिहून मोकळं व्हायचं. पण मला खोड होती. नाव तर काढलेलं आहे, पोरीला काय कळणार, असं म्हणून मी ते छत्रीखाली विसरलो आणि झरोक्यात जाऊन बसलो.

त्या दिवशी एकही पापड गेला नाही. कावळा कठड्यावर बसायच्या आत काठी उठत होती. पोरीने आंब्यावरच्या कावळ्यांना उठवलं, शेजारच्या गच्चीवरचे हाकलले, एक साधी चिमणी आली तिचाही पाठलाग केला. मधूनमधून एखादं पान वाचायची, लाटी तोंडात टाकायची, आणि त्याच तेलकट बोटांनी पान उलटून पुन्हा आभाळाकडे बघायची. संध्याकाळी आजीने तिची पाठ थोपटली. "आज पोरगी खरी शहाण्यासारखी वागली," म्हणाली.

"गोष्ट कशी होती गं?" मी विचारलं.

"छान होती," नात म्हणाली. "नाना, त्यातले हेडमास्तर आपल्या आबांसारखं बोलतात. पण त्यांना सगळंच कसं येतं?"

मी दोन दिवस कागद पुढे घेऊन बसलो आणि शेवटी 'साभार परत' लिहिलं. सोबत मतही जोडलं, जरा तोऱ्यातच. कथेत मूल शोधावे लागते. सर्व प्रश्न एक वयस्क गृहस्थ सोडवतात. मुलाने स्वतः काही करावे, चुकावे, निस्तरावे, अशी अपेक्षा असते. वाचताना कोणालाही वाटावं की पुण्यातला एखादा विद्वान बोलतोय.

मे संपायच्या आत व्याही फणस घेऊन पेणला आले. एसटीतून, मांडीवर फणस घेऊन, आणि सदऱ्याला चिकाचा एक डाग नाही. रिकाम्या हाताने ते आमच्याकडे कधीच येत नाहीत. फणस त्यांनी बायकोच्या स्वाधीन केला, पिशवीतून हस्तलिखित काढलं, एकदा नाकाशी धरलं आणि टेबलावर ठेवलं. मला वाटलं, रागाने नाक मुरडतायत. मग त्यांनी माझंच मत मला खड्या आवाजात वाचून दाखवलं.

"ह्या माणसाने आयुष्यात मूल पाहिलं असेल का?" त्यांनी विचारलं.

"पाहिलं असावं," मी म्हटलं.

"गाढव आहे."

"तेही असावं."

"तुमची ओळख आहे का हो ह्याच्याशी? तुम्ही त्या वर्तुळात फिरता."

"तोंडओळख आहे," मी म्हटलं, आणि स्वयंपाकघरात चहाचं भांडं जरा जास्तच वाजलं.

बायको चहा घेऊन बाहेर आली. तिला अशा वेळी फार चेव चढतो. "व्याहीबुवा," ती म्हणाली, "मनात ठेवू नका. त्या माणसाला समोर गाठा आणि काय ते सुनावा."

"सुनावतोच आहे, विहीणबाई," व्याही म्हणाले आणि शांतपणे चहा बशीत ओतला.

तो दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब दिवस होता. नशिबाने नात आळीतल्या पोरींबरोबर खेळायला गेली होती. जेवणापर्यंत व्याह्यांनी त्या वाचकाचं शिक्षण, वळण आणि खानदान काढलं. मी प्रत्येक वेळी मान डोलावली. एकदा तर त्यांना योग्य शब्द सुचेना तो मीच सुचवला. जेवण झाल्यावर ते झोपाळ्यावर बसले आणि त्यांचा आवाज खाली आला. "मुलाने चुकावं, म्हणे. आता काय चुका करायच्या त्याने?"

"तुम्ही लहानपणी काहीच उद्योग केला नाहीत?" मी विचारलं.

नाही म्हणाले. मग झोपाळा जरा वेळ कुरकुरला, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते सूनबाईला, मुलाला, कोणालाही कधी सांगितलेलं नव्हतं.

ते दहा वर्षांचे असताना वडिलांबरोबर जोह्याला गणपती आणायला गेले होते. जोह्याला घरोघरी गणपती घडतात. त्यांनी मूर्ती घेतली, तोंडावरून रुमाल झाकला आणि आधी पेणला आले, तिथून रोह्याच्या एसटीत बसले. मूर्ती ह्यांच्या मांडीवर. वडिलांचा डोळा लागला. गणपतीच्या हातातला मोदक वेगळा आहे की हाताशी एकजीव आहे, हे ह्यांना कळेना, म्हणून रुमालाखालून हात घालून त्यांनी तो किंचित पिरगाळून पाहिला. मोदक हातात आला.

भंगलेली मूर्ती बसवत नाहीत. वडील तापट. गाडी वडखळला थांबली, माणसं चहाला उतरली, वडीलही उतरले. पलीकडच्या बाकावर एका बाईंचा गणपती होता, त्याच साच्यातला, तेवढाच, तसाच रुमाल. बाई खिडकीतून भजीवाल्याशी बोलत होत्या. ह्यांनी मूर्ती बदलली.

"बाई नागोठण्याला उतरल्या," व्याही म्हणाले. "गणपती छातीशी धरून उतरल्या. मी खिडकीतून बघत होतो. आमच्याकडे आईने मूर्तीचं फार कौतुक केलं. मला पाच दिवस एक मोदक गिळवला नाही. विसर्जनाला तो मोडलेला मोदक खिशातून काढून मी कुंडलिकेत टाकला. म्हणजे त्या वर्षी आमच्या गणपतीला दोन मोदक, आणि त्यांच्या गणपतीला..."

मला इतकं हसू येत होतं आणि इतकं काहीतरी दुसरंही होत होतं, की मी तांब्याभर पाणी प्यायलो. मग म्हटलं, "हे लिहा."

"शक्य नाही," ते म्हणाले. मुख्याध्यापकाने मुलांना सांगायचं, की मी गणपती पळवला? मग संस्कार कुठे राहिले? उद्या पोरं बाप्पाचे मोदक पिरगाळत फिरतील. मी म्हटलं, संस्कारांचं नंतर बघू, पाच दिवस मोदक गिळला नाही एवढं लिहिलंत तरी पुष्कळ आहे. बरीच हुज्जत झाली. शेवटी जाताना पायात चपला घालत त्यांनी विचारलं, "त्या गाढवाला हे आवडेल असं वाटतं तुम्हाला?"

"माझा अंदाज आहे," मी म्हटलं.

पुढच्या मेमध्ये दुसरं हस्तलिखित आलं. नात आता सहावी झाली होती आणि राखणीला कुरकुर करू लागली होती, लाट्यांचा भाव वाढवून मागत होती. मी छत्रीखाली कागद विसरलो आणि झरोक्यात बसलो.

पहिल्या पाच-सहा पानांपर्यंत ती कावळ्यांकडे बघत होती. मग गोष्टीतली एसटी पेणहून सुटली असावी. काठी खाली गेली. पहिला कावळा कठड्यावर आला, दोन्ही बाजूंना मान करून त्याने अंदाज घेतला, एक पापड उचलला आणि आंब्यावर नेऊन ठेवला. पोरीने मान वर केली नाही. मग दोन आले. मग ते निरोप धाडून भावकी घेऊन आले. लाटायला येणारी एक बाई, खाडीकडच्या गावातली, धुतलेली परात ठेवायला जिन्यातून वर आली ती तशीच थबकली. मी तिला बोटाने गप्प राहायची खूण केली. ती खाली जाऊन बायकोला म्हणाली, "काकी, वरती कावळं जेवतान, पोरीला खबर नाय, आन् काका लपून बघतान. काकांना डाक्टरकडं न्या गो."

बायको धापा टाकत वर आली. साडी जवळजवळ रिकामी होती. मी तिला जिन्यातच अडवलं आणि कानात सांगितलं की गोष्ट कोणाची आहे. तिने रिकाम्या साडीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि पदराने तोंड पुसलं. "राहू दे," म्हणाली, "व्याह्यांच्या मानपानात धरू."

पण शेवटची काही पानं उरली होती तेव्हा एकाएकी काठी उठली आणि कावळे उडाले. मी समजलो. संध्याकाळी हस्तलिखित उघडून पाहिलं तर तिथे मुख्याध्यापक आले होते. मोदक नदीत पडल्यावर गोष्ट संपायला हवी होती, पण पुढे तो मुलगा शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर कबुली देत होता आणि मुख्याध्यापक सत्यावर बोलत होते. नात म्हणाली, "नाना, शेवटी हे कुठून आले?" आणि लगेच दुसरा प्रश्न. "त्या बाईंचं काय झालं? त्यांनी घरी जाऊन रुमाल काढला असेल ना?" तो प्रश्न तिने मला जेवताना विचारला, झोपताना विचारला. सुट्टी संपल्यावर तिला रोह्याला सोडायला निघालो तर वडखळच्या नाक्यावर ती खिडकीतून चहाच्या टपऱ्यांकडे बघत बसली.

मी 'स्वीकारावे' लिहिलं, आणि शेवटची पानं गाळावीत, असंही. व्याह्यांनी ती कापाकापी मान्य केली. पुस्तक निघालं. नातीने ते रोह्याला पहिल्याच दिवशी उघडलं आणि मला फोन केला, कुजबुजत. "नाना, हे मी वाचलंय. तुमच्या गच्चीवर." मग एका दमात तिने बाकीचंही सगळं जुळवलं, हेडमास्तरांच्या आधीच्या गोष्टीसकट. मी म्हटलं, आबांना जाऊन सांग, मी तयार आहे. ती म्हणाली, "नको. मग पहिली कादंबरी मी नापास केली होती हेपण त्यांना कळेल." आम्ही दोघांनी गप्प बसायचं ठरवलं. आबांसमोर तिने पुस्तक पुन्हा अथपासून इतिपर्यंत वाचलं, आणि तेव्हा तिला कंटाळा आला नाही, असं तिने मला शपथेवर सांगितलं आहे.

इथे गोष्ट संपली असती तर मी हे लिहायला बसलो नसतो.

रोह्याच्या एका शाळेत पुस्तकाचा छोटा कार्यक्रम झाला. व्याही बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "हे पुस्तक आमच्या व्याह्यांच्या कृपेने निघालं." मी ते शिष्टाचार म्हणून घेतलं. पण मग कोणी पुस्तकाचं नाव काढलं की ते तेच म्हणायचे, व्याह्यांची कृपा. हसून म्हणायचे. घरात पुस्तकाच्या प्रती कपाटात मागच्या बाजूला. कोणाला भेट द्यायची वेळ आली तर ते दुसऱ्याच कोणाचं पुस्तक द्यायचे. वर्षं गेली, नात कॉलेजला गेली, आणि गेल्या दिवाळीत तिने मला बाजूला घेतलं. आबा तिला म्हणाले होते, की आपलं पुस्तक काही खरं पास झालेलं नाही. व्याही होते तिथे, मुलीचं सासर म्हणून त्यांनी ढकललं पुढे. दुसरं कोणी असतं तर पुन्हा साभार परत आलं असतं.

म्हणजे तो वाचक मीच होतो हे त्यांना ठाऊक होतं. आणि मी तोंड बंद ठेवून त्यांना इतकी वर्षं कृपेवर पास झाल्याचं दुःख भोगायला लावलं होतं. पोरीने मला दम दिला. "तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. आणि मी सांगितलं तर कावळ्यांसकट सांगीन."

म्हणून हे लिहिलं, आणि ह्या मेमध्ये व्याह्यांना पेणला बोलावलं. ते आले, फणस घेऊन. आता राखणीला कोणी पोर उरलेलं नाही, तेव्हा बायकोने काठी त्यांच्याच हातात दिली. ते खुर्चीत ताठ बसले, परीक्षेला सुपरवायझर बसतो तसे. पापड पसरलेले, आंब्यावर एजंट हजर. मी वाचायला सुरुवात केली.

फणसाच्या प्रसंगाशी आलो तेव्हा ते हसले. "मला त्याच दिवशी कळलं होतं," म्हणाले. "हस्तलिखिताला हिंगाचा वास होता. पुण्याच्या विद्वानाकडून परत आलेल्या कागदाला हिंगाचा वास, आणि प्रत्येक पानाला तेलाचं बोट. म्हटलं, चला, रोह्याहून फणस घेऊन जावं आणि समोर बसवून सुनावावं."

"आणि मी मान डोलावत होतो."

"एक शब्द तर तुम्हीच सुचवलात. फार चांगला होता."

पण तेलाचं बोट कोणाचं, ते त्यांनी कधी ओळखलं नव्हतं. मी पुढे वाचलं. एकही पापड गेला नाही, ते वाचलं. चिमणीचा पाठलागही वाचला, गाळायचा मोह झाला तरी. ते बराच वेळ काठीच्या टोकाकडे बघत राहिले.

"म्हणजे तिने नापास केली होती."

"हो."

"फार कंटाळली होती?"

"आजीने शाबासकी दिली, इतकी."

त्यांनी मान हलवली. कावळे त्यांनी तेव्हाही नीट हाकलले. मग मी दुसऱ्या मेचं वाचलं. ते त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. साडी जवळजवळ रिकामी, ह्या शब्दांवर त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "विहीणबाई, जरा वर या."

बायको आली. त्यांनी विचारलं, हे खरं आहे का. ह्या माणसाच्या लिहिण्यावर माझा विश्वास नाही, तुम्ही सांगा.

"खरं म्हणजे काय!" बायको म्हणाली, आणि त्या वर्षीची चीड तिला जशीच्या तशी परत आली. किती कुटलं होतं, किती लाटलं होतं, नणंदेकडे पाठवायचे पापड होते ते पाठवता आले नाहीत, नणंदेने त्यावरून काय ऐकवलं. "मानपानात धरले मी, पण विसरले नाही," ती म्हणाली आणि खाली निघून गेली.

व्याही खुर्चीत मागे टेकले. त्यांना असं टेकून बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"कावळ्यांना काही आपलं नातं माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"नाही."

"आणि त्या बाईंचं काय झालं, असं विचारत होती?"

"वडखळपर्यंत."

"मीपण विचारतो," ते म्हणाले. "अजून." काठी त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी होती ती हळूच घसरून खाली पडली. आंब्यावरचा एक कावळा कठड्यावर आला, दोन्ही बाजूंना मान करून त्याने अंदाज घेतला आणि व्याह्यांच्या पायाजवळचा पापड उचलून नेला. त्यांना खबर नव्हती.

थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला, माझे कागद घेतले, चष्मा लावून शेवटची दोन पानं वाचली, आणि खिशातल्या पेनने त्यांच्यावर वरपासून खालपर्यंत रेघ मारली.

"इथे तुम्ही सत्यावर बोलायला लागलात," म्हणाले. "काढा."

काढली.